रंग सांगू नका, जागा सांगा

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला मला आलेलं सॉल्ट बेरियम क्लोराइड आहे, हे मला ते ज्योतीत धरायच्या आधीच ठाऊक होतं. लॅबमधले मामा बर्नर पेटवायला आले आणि काडी विझवता विझवता, माझ्याकडे न बघता, दोन शब्द बोलून गेले. ही कृपा सगळ्यांवरच होत होती, त्यामुळे त्यात पाप वाटावं असं तेव्हा काही नव्हतं. मी मात्र सगळं शिस्तीत केलं. प्लॅटिनमची तार हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून ज्योतीत धरली, परत बुडवली, परत धरली. ज्योतीला काहीच रंग येईना इतकी ती साफ केली. वॉचग्लासमध्ये सॉल्ट आणि ॲसिडचा लगदा केला, तारेच्या टोकाला घेतला आणि ज्योतीच्या कडेला धरला. जर्नलप्रमाणे 'ॲपल ग्रीन' दिसायला हवं होतं.

मला दिसला एक मळकट पिवळसर भडका. आठवडाभरापूर्वी सरावात कॅल्शियमचं सॉल्ट जाळलं होतं तेव्हाही साधारण असंच दिसलं होतं, आणि तिथे जर्नलमध्ये 'ब्रिक रेड' छापलेलं होतं. शेजारच्या ओट्यावरचा मित्र माझ्या ज्योतीकडे बघून म्हणाला, "काय मस्त हिरवा आलाय रे!" मी निरीक्षणाच्या रकान्यात 'ॲपल ग्रीन' लिहिलं, अनुमानाच्या रकान्यात 'बेरियम'. पूर्ण मार्क मिळाले.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी नोकरीसाठीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. बाकीच्यांना त्यात आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. लाल-हिरव्यातला फरक माझ्या डोळ्यांना नीट कळत नाही, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. नोकरी मिळाली. सॉफ्टवेअरमध्ये रंग कोण विचारतो, असं तेव्हा वाटलं. मग एका रात्री ऑन-कॉल पाळीत डॅशबोर्डवरचे दोन ठिपके हिरव्याचे लाल झाले आणि पाऊण तास मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो, सगळं ठीक आहे असं समजून.

त्या रात्रीनंतर मला सर्व्हरपेक्षा ती बेरियमची ज्योत जास्त आठवायला लागली. उत्तर बरोबर होतं, पण निरीक्षण माझं नव्हतं. मी जे पाहिलं नाही ते लिहिलं होतं. मग प्रश्न पडला की ज्योतीचा रंग बघून धातू ओळखणं ही भानगड मुळात सुरू कोणी केली, आणि माझ्यासारख्या डोळ्यांच्या माणसाला तिच्यात जागा आहे का? वाचत गेलो तसं लक्षात आलं की ज्यांचे डोळे उत्तम होते त्यांनाही या रंगांनी शंभर वर्षं चकवलं होतं. चकवणारा मुख्य रंग एकच, पिवळा.

*

अठराव्या शतकात सोडा आणि पोटॅश यांच्यात फरक करणं सोपं नव्हतं. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे, दोन्ही साबणाला चालणारे. बर्लिनमध्ये आंद्रेआस मार्ग्राफ नावाचा रसायनज्ञ होता. बीटमध्ये उसासारखीच साखर असते हे दाखवणारा तोच. त्यानं १७५८च्या सुमारास दोन्हींपासून सोरा बनवला आणि जाळून पाहिला. सोड्याच्या सोऱ्याची ज्योत पिवळी आली, पोटॅशच्या सोऱ्याची निळसर जांभळी. आज आपण म्हणू की त्यानं सोडियम आणि पोटॅशियम वेगळे ओळखले. तेव्हा या दोन्ही धातूंना नावं मिळायला अजून पन्नास वर्षं होती.

त्याच्या थोडं आधी, १७५२ साली, थॉमस मेलव्हिल या स्कॉटिश तरुणानं एडिंबरोत एक निबंध वाचला होता. जळत्या अल्कोहोलमध्ये मीठ, सोरा, तुरटी, पोटॅश असं काय काय टाकून त्यानं ती ज्योत प्रिझममधून पाहिली. सूर्यप्रकाश प्रिझममधून गेला की सात रंगांचा सलग पट्टा पडतो. इथे तसं झालं नाही. एक ठळक पिवळा दिसला, आणि तो दर वेळी त्याच जागी. शेजारच्या रंगांत तो हळूहळू मिसळत नव्हता, एकदम सुरू होऊन एकदम संपत होता. मेलव्हिलला यापुढे जायला वेळ मिळाला नाही. १७५३च्या डिसेंबरात, २७व्या वर्षी, तो वारला. मी सध्या जवळपास त्याच वयाचा आहे, म्हणून हा आकडा लक्षात राहिला.

पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं हा पिवळा रंग ज्याला त्याला दिसत राहिला. विल्यम फॉक्स टॅलबट, जो पुढे फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक म्हणून ओळखला गेला, त्यानं १८२६ साली रंगीत ज्योतींवर एक लेख लिहिला. मिठाच्या ज्योतीत पिवळी रेघ येते हे त्याला मान्य होतं. पण ती लाकडाच्या, कागदाच्या, हस्तिदंताच्या ज्योतीतही येत होती. यांच्यात सोडा कुठून येणार? या सगळ्यांत समान काय असेल, तर पाणी, असा त्यानं अंदाज केला. म्हणजे पिवळी रेघ पाण्याची असावी.

आज हसू येतं, पण त्याच्या जागी आपण असतो तर हेच म्हटलं असतं. एखादी खूण प्रत्येक ठिकाणी सापडायला लागली की ती कसलीच खूण उरत नाही. प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये दर ओळीला तीच वॉर्निंग यायला लागली की आम्ही तिच्याकडे बघायचं सोडून देतो, तसंच हे.

टॅलबट हटला नाही. १८३४ साली त्यानं लिथियम आणि स्ट्रॉन्शियम समोरासमोर ठेवले. दोन्हींच्या ज्योती लाल, नुसत्या डोळ्यांना सहज फसवतील अशा. प्रिझममधून पाहिल्यावर मात्र स्ट्रॉन्शियमच्या ज्योतीत लाल रेघांची एक रांग, एक केशरी आणि एक स्पष्ट निळी रेघ निघाली. लिथियमच्या ज्योतीत लाल रेघ एकच. ही पद्धत वापरून या दोघांचा अगदी सूक्ष्म अंशही वेगळा ओळखता येईल, असं त्यानं ठामपणे लिहिलं. म्हणजे धडधाकट डोळ्यांना जे दोन लाल एकच वाटत होते त्यांचं भांडण सुटलं ते रेघा कुठे पडतात यावरून. हे वाचताना मी खुर्चीत जरा सरसावून बसलो.

पिवळ्याचं कोडं सोडवलं विल्यम स्वान या आणखी एका स्कॉटिश माणसानं, १८५६ साली. मीठ इतक्या कमी प्रमाणातही पिवळी रेघ उमटवतं की ते टाळणंच जवळपास अशक्य आहे, हे त्यानं दाखवलं. लाकडात, कागदात, हस्तिदंतात, बोटांच्या घामात, हवेतल्या धुळीत सगळीकडे मिठाचा अंश असतो. रेघ सगळीकडे दिसते कारण मीठ सगळीकडे आहे. पाण्याचा संबंध नव्हता. प्लॅटिनमची तार इतक्या वेळा ॲसिडमध्ये बुडवून का जाळायची, हे मला बारावीत कोणी सांगितलं नव्हतं. सोडियमचा शेवटचा कण जाईपर्यंत ती आपल्याला खोटं सांगत राहते, म्हणून.

*

यानंतर गोष्ट जर्मनीत, हायडेलबर्गला जाते. रॉबर्ट बुन्सेन तिथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्याचा एक डोळा गेलेला होता. नव्या प्रयोगशाळेत गॅस आला तेव्हा १८५५ साली त्यानं पीटर डेसागा या आपल्या कारागिराकडून एक बर्नर करून घेतला. खालच्या छिद्रांतून हवा गॅसमध्ये आधीच मिसळते, त्यामुळे ज्योत तापते भरपूर पण स्वतःचा उजेड जवळजवळ पाडत नाही. मेणबत्तीच्या किंवा स्पिरिटच्या ज्योतीत धातूचा रंग बघणं म्हणजे हळदीच्या कपड्यावर केशराचा डाग शोधण्यासारखं होतं. बुन्सेननं पांढरा कपडा अंथरून दिला. आपल्या प्रत्येक कॉलेजच्या ओट्यावर त्याचं नाव लागलेलं आहे ते यामुळे.

तरीही सोडियमचा त्रास होताच. पोटॅशियमचा फिकट जांभळा रंग सोडियमच्या नुसत्या संशयानंही झाकला जातो. बुन्सेनच्या प्रयोगशाळेत त्यावर उपाय होता रंगीत गाळणीचा. निळीचं द्रावण किंवा निळी काच मध्ये धरायची, म्हणजे पिवळा अडतो आणि जांभळा पार होतो. आमच्या लॅबमध्येही कोबाल्टच्या निळ्या काचेचा एक तुकडा होता. ती कशासाठी आहे हे कोणी विचारलं नाही आणि ती कपाटातून कधी बाहेर आली नाही.

बुन्सेनचा मित्र गुस्टाफ किर्खहॉफ भौतिकशास्त्रज्ञ होता. त्यानं सुचवलं की काचांमधून कशाला बघतोस, प्रिझममधून बघ. दोघांनी मिळून एक खोका, एक प्रिझम आणि दोन दुर्बिणींचे भाग जोडून उपकरण केलं. एका बारीक फटीतून ज्योतीचा उजेड आत घ्यायचा, प्रिझमनं तो पसरवायचा आणि रेघा कुठे पडतात ते मोजपट्टीवर वाचायचं. प्रिझम मेलव्हिलकडेही होता, टॅलबटकडेही. या दोघांनी एकेक सॉल्ट पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, वेगवेगळ्या ज्योतींत जाळलं, एकच धातू वेगवेगळ्या संयुगांतून आणला, आणि दाखवलं की धातू तोच असेल तर त्याच्या रेघा त्याच जागी पडतात. ज्योत कसलीही असो, सोबतीला कोणीही असो.

रेघा अशा का पडतात याचं उत्तर पन्नास वर्षांनी, १९१३ साली नील्स बोरनं दिलं. अणूतल्या इलेक्ट्रॉनना ठरावीक पायऱ्यांवरच उभं राहता येतं. ज्योतीच्या उष्णतेनं तो वरच्या पायरीवर जातो आणि खाली येताना दोन पायऱ्यांतल्या फरकाइतकी ऊर्जा उजेडाच्या रूपात टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्यांची उंची वेगळी, म्हणून उजेडाची तरंगलांबी वेगळी, म्हणून रेघेची जागा वेगळी. 'ॲपल ग्रीन' आणि 'ब्रिक रेड' ही नावं आपण त्या उजेडाला दिलेली. बेरियमला सफरचंद ठाऊक नाही.

१८६०च्या त्यांच्या लेखातला एक प्रयोग मला फार आवडतो. सुमारे ६० घनमीटरची खोली. तिच्या एका टोकाला उपकरणासमोर रंगहीन ज्योत जळतेय. दुसऱ्या टोकाला त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधातल्या साखरेबरोबर पेटवून दिलं. काही मिनिटांत खोलीभर पसरलेल्या त्या धुरातलं सोडियम ज्योतीपर्यंत पोचलं आणि पिवळी रेघ झळकली. हिशेब करून त्यांनी सांगितलं की मिलिग्रॅमचा तीस लाखावा भागही डोळ्याला स्पष्ट दिसतो. पृथ्वीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग खाऱ्या समुद्रानं झाकलेला आहे, त्याचे तुषार हवेत मीठ सोडत राहतात, तेव्हा सोडियम सगळीकडे सापडलं तर नवल काय, हेही त्यांनी लिहिलं. टॅलबटला चकवलेलं उत्तर आता आकड्यासकट हातात आलं.

त्या दिवसांतली एक गोष्ट नेहमी सांगतात. मॅनहाइम शहरात मोठी आग लागली. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून, पंधरा-वीस किलोमीटरवरून, दोघांनी तिच्याकडे उपकरण रोखलं आणि ज्वाळांत बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या रेघा दिसल्या. एवढ्या लांबच्या आगीत काय जळतंय ते कळतं, तर सूर्यात काय जळतंय ते का कळू नये, असा विचार तिथून निघाला म्हणतात. मला या गोष्टीत वेगळंच टोचलं. त्यांना बेरियम वीस किलोमीटरवरून कळलं, मला एका फुटावरून कळलं नव्हतं.

पण मग दोन्हींचे वर्णपट काढून पाहिले. कॅल्शियमच्या ज्योतीत ठळक केशरी पट्ट्याबरोबर एक हिरवा पट्टाही असतो आणि तो बेरियमच्या एका मुख्य हिरव्या रेघेला अगदी खेटून पडतो. माझ्या डोळ्यांत लालाची बाजू कमकुवत. म्हणजे मला दोन्ही ज्योती सारख्या दिसल्या यात अगदीच वेड्यासारखं काही नव्हतं. मी नीट पाहिलं होतं, फक्त तसं लिहायची हिंमत केली नव्हती.

*

जागा मोजायला लागल्यावर नवी मूलद्रव्यं अक्षरशः पुढे चालून आली. १८६० साली डुर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात बुन्सेनला दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. त्यांचा मालक हाती यावा म्हणून ४४ टन पाणी आटवलं, तेव्हा कुठे त्याचं क्लोराइड ७ ग्रॅमच्या आसपास मिळालं. नाव ठेवलं सीझियम, लॅटिनमधल्या आकाशी निळ्यावरून. पुढच्या वर्षी लेपिडोलाइट नावाच्या खनिजात गडद लाल रेघा सापडल्या, ते रुबिडियम. गंमत अशी की पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम या तिघांच्या ज्योती नुसत्या डोळ्यांना जांभळटच दिसतात. रंगावर विसंबून राहिलो असतो तर ही दोन भावंडं पोटॅशियमच्या नावावर खपली असती. १८६१ साली लंडनमध्ये विल्यम क्रूक्सला एक हिरवीगार रेघ दिसली आणि थॅलियम सापडलं.

मग १८६३ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणशाळेत माझा माणूस भेटला. फर्डिनांड राइख, वय ६४. तिथल्या जस्ताच्या खनिजात थॅलियम मिळतंय का हे त्याला बघायचं होतं. थॅलियमची खूण म्हणजे हिरवी रेघ, आणि राइखला रंग ओळखू येत नव्हते. त्यानं मित्राला विचारून 'मस्त हिरवा' असं लिहून टाकलं नाही. थिओडोर रिख्टर नावाच्या सहकाऱ्याला त्यानं वर्णपट बघायला बसवलं आणि जे दिसेल ते सांग म्हणाला. थॅलियमची हिरवी रेघ नव्हती. जिथे आजवर कुणाचीच रेघ नोंदलेली नव्हती अशा जागी एक झगझगीत निळी-जांभळी रेघ होती. नवं मूलद्रव्य सापडलं होतं. त्या रेघेच्या निळीसारख्या रंगावरून त्याचं नाव पडलं इंडियम. नीळ युरोपात भारतातून जायची, म्हणून लॅटिनमध्ये तिचं नावच 'भारताची' असं पडलेलं. थोडक्यात, या धातूच्या नावात आपला देश निळीच्या वाटेनं आला आहे.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर तुमचं बोट आत्ता बहुतेक इंडियमवरच फिरतंय. टचस्क्रीनच्या काचेवर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो. तो पारदर्शक असूनही वीज वाहून नेतो, म्हणून बोट कुठे टेकलं ते फोनला कळतं. तो धातू रंग न दिसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शोधायला घेतला होता.

*

आता पिवळ्याकडे परत, आणि आपल्याकडेही. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्याची वाट भारतावरून जात होती. सूर्याच्या कडेला ग्रहणात दिसणाऱ्या लाल ज्वाळा कशाच्या आहेत हे स्पेक्ट्रोस्कोपनं बघायची ही पहिली मोठी संधी. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शल होता. त्याच्या वडिलांनी, थोरल्या जॉन हर्शलनं, १८२०च्या दशकात रंगीत ज्योतींवर काम केलं होतं. बाप ज्योती बघत बसला, मुलगा सूर्य. जमखंडीला हर्शलला तीन ठळक रेघा दिसल्या: एक लाल, एक निळी आणि मधली नारिंगी-पिवळी. मधली रेघ त्यानं सोडियमची धरली. पिवळ्या जागी पिवळी रेघ, आणि सोडियम तर सगळीकडे असतंच.

जान्सेनच्या लक्षात आलं की या रेघा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहणाची गरजच नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं लख्ख सूर्याच्या कडेला त्या पाहिल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर याच कल्पनेवर काम करत होता. त्याला २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवायच, त्या दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. लॉकियरकडे जागा नीट मोजायला सवड होती, ग्रहणाची काही मिनिटं संपायची धास्ती नव्हती. सोडियमची रेघ म्हणजे खरं तर ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवरची एक जोडी. सूर्यातली पिवळी रेघ एकटी होती आणि जराशी बाजूला, ५८७.६ नॅनोमीटरच्या जागी. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. जगातल्या कुठल्याही उत्तम डोळ्याला हे दोन पिवळे वेगळे सांगता आले नसते. तिथे सगळेच माझ्यासारखे. त्या अनोळखी रेघेच्या मालकाला पुढे नाव मिळालं हेलियम, आणि १८९५ साली विल्यम रॅम्झीला ते पृथ्वीवर, युरेनियमच्या एका खनिजात, सापडलं.

दर १८ ऑगस्टला आपल्याकडे एक मेसेज फिरतो: लॉकियरनं विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत, ते त्यानं दुर्बीण ठेवायला बांधले म्हणे. मीही हा मेसेज दोनदा पुढे पाठवला आहे. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गला तो आला, नक्की आला, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी तो ब्रिटिश आरमाराच्या मेलपोमीन या जहाजावरच्या खलाशांना हाताशी घेऊन तिथे तळ ठोकून होता. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला उपकरणं मांडून बसले होते. त्यांच्याबद्दल मेसेज फिरत नाही.

मला विजयदुर्गाचा मान कमी करायचा नाही. स्पेक्ट्रोस्कोप घेऊन लॉकियर स्वतः तिथे उभा होता, ही गोष्ट खरी आहे आणि पुरेशी मोठी आहे. पण मेसेजमध्ये जे झालंय ते जमखंडीत झालं होतं तेच, आणि बारावीच्या माझ्या जर्नलमध्ये झालं तेही तेच. अपेक्षित उत्तर आधीपासून मनात होतं, समोरची गोष्ट त्याच्या जवळपास होती, मग कोणी नेमकी जागा तपासायला गेलं नाही.

*

ऑफिसमध्ये मी एक बदल करून घेतला. डॅशबोर्डवर ठिपक्याशेजारी 'चालू' आणि 'बंद' हे शब्द येतात, आणि बंद पडलेला सर्व्हर यादीत सगळ्यात वर सरकतो. हे सुचवताना मला डोळ्यांबद्दल सांगावं लागलं. मीटिंगनंतर टीममधल्या आणखी एकानं हळूच येऊन सांगितलं की त्यालाही ते ठिपके कळत नव्हते.

आणि गेल्या दिवाळीत मी बुटाच्या खोक्याचा स्पेक्ट्रोस्कोप केला. एका बाजूला दोन ब्लेडच्या धारा जवळ आणून केलेली फट, दुसऱ्या बाजूला जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवलेला, वर बघायला भोक. सीडीवरच्या सूक्ष्म रेषा प्रिझमचं काम करतात. आधी मिठाच्या पाण्यात भिजवलेली सुतळी गॅसवर धरली. खोक्याच्या काळोखात एक पिवळी रेघ उभी राहिली, मेलव्हिलला दिसली तशी. तिच्या जागी मी पेनानं खूण केली. दीडशे वर्षांपूर्वी ज्या रेघेनं सगळ्यांना हैराण केलं होतं तीच माझ्या मोजपट्टीचा शून्य झाली, कारण ती हमखास येणार.

मग रंगीत काडेपेट्या आणल्या. लाल जळणाऱ्या काड्यांत स्ट्रॉन्शियम असतं, हिरव्यांत बेरियम. मामेबहिणीला सांगितलं की अंगणात, फटीसमोर, मनाला येईल ती काडी पेटव, कोणती ते बोलू नकोस, फक्त वहीत लिही. मीही माझ्या वहीत लिहिणार. स्ट्रॉन्शियमच्या रेघा सोडियमच्या खुणेच्या एका अंगाला गर्दी करतात, बेरियमच्या दुसऱ्या अंगाला. मला रंगाचं नाव सांगायचंच नव्हतं, फक्त बाजू सांगायची होती.

सहा काड्या झाल्या. पहिल्या पाच दोघांच्या वह्यांत जुळल्या, त्यांतल्या तीन बेरियमच्या. बारावीत जे लिहिलं होतं ते मी दहा वर्षांनी पाहिलं. सहावी काडी वाऱ्यानं लगेच विझली आणि मी भोकाला डोळा लावेपर्यंत आत अंधार झाला. बहीण म्हणाली, "हिरवी होती रे, लिही ना." मी लिहिलं: सहावी, दिसली नाही.